कुंडी, तिले सांग

दंगल बापू माझ्याशी एकोणीस वर्षं बोलले, पण माझ्याकडे बघून फक्त एकदा. बाकी जे काही सांगायचं ते त्यांनी पाण्याच्या कुंडीला सांगितलं, बांधावरच्या बाभळीला सांगितलं, एकदा तर माझ्या सायकलीला सांगितलं. भाऊबंदांतल्या सुनेशी वडीलधाऱ्या पुरुषाने समोरासमोर बोलायचं नाही, हा त्यांच्या वेळचा रिवाज. गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनी तो केव्हाच सोडून दिला होता. बापूंनी सोडला नाही.

मी माहेरची नंदुरबारची, बी.ए. झालेली आणि तोंडाने फटकळ. लग्न होऊन शहाद्यापासून अर्ध्या तासावरच्या या तापीकाठच्या गावात आले आणि पहिल्याच हिवाळ्यात शेतावर पाणी धरायला उभी राहिले. हे एसटीत कंडक्टर, सासरे गुडघ्याने अधू, मग दुसरं कोण उभं राहणार? तेव्हा बापू बांधावरून चालत आले. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, सदऱ्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही आणि हातात हातभर लांबीची लोखंडी चावी. माझ्यापासून दहा पावलांवर थांबले, कुंडीकडे बघितलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "कुंडी, तिले सांग. पानी चार तास शे. चावी खाले ठेवानी नही."

मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावून म्हटलं, "कुंडी बोलत नाही बापू, मलाच सांगा."

बापूंनी कुंडीकडे आणखी निरखून बघितलं. "कुंडी, तिले सांग, हसानं काम नही," म्हणाले आणि चावी काठावर न ठेवता, माझ्या सासऱ्यांना हाक मारून, लंगडत येणाऱ्या त्यांच्याच हातात दिली.

ही चावी काय प्रकरण होतं ते सांगितल्याशिवाय बापू कळायचे नाहीत. आमच्या गावच्या तेवीस शेतकऱ्यांची मिळून एक पाणी संस्था आहे. तापीवर मोटर, तिथून दोन किलोमीटर जमिनीखालून पाइप आणि प्रत्येकाच्या वावराच्या तोंडाशी सिमेंटची एक कुंडी. कुंडीतला व्हॉल्व्ह चावीने फिरवला की पाणी वर येतं. तेवीस कुंड्यांना चावी मात्र एकच. ती ज्याच्या हातात त्याचीच कुंडी उघडणार. पाळी सुरू व्हायची ती शेपटापासून, म्हणजे नदीपासून सगळ्यात लांब असलेल्या तेविसाव्या कुंडीपासून. ती माझी. तिथून चावी हातातून हातात एकेक कुंडी वर सरकत जायची आणि शेवटी पहिल्या कुंडीवर पोहोचायची. पहिली कुंडी बापूंची. त्यांचं पाणी झालं की ते चावी घेऊन दोन किलोमीटर चालत शेपटाला यायचे. सायकल नाही, कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसणं नाही. ही पद्धत बापूंच्या वडिलांच्या वेळची. नदीला लागून जमीन बापूंची, मोटर त्यांच्या बांधाशेजारी, आणि पाणी मात्र त्यांना सगळ्यांच्या शेवटी. एकदा सासऱ्यांनी त्यांना हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "मन्हाजोडे नदी शे. शेपटाजोडे काय शे?"

घड्याळ ते रोज सकाळी रेडिओवर लावायचे. एका उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने पाळी संपल्यावरही दहा मिनिटं व्हॉल्व्ह उघडा ठेवला. कुणी बघितलं नव्हतं. पुढच्या पाळीला बापूंनी स्वतःच्या उसाच्या दोन सऱ्या कोरड्या असताना दहा मिनिटं आधी व्हॉल्व्ह बंद केला आणि सभेत उभं राहून ते सांगितलंही. मुलगा पंधरा दिवस बापाशी बोलला नाही. चूक लपवायची नाही हे ठीक, पण पोराची अशी चारचौघांत शोभा करायची गरज नव्हती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्यांच्या वहीत संस्थेचे नियम होते. त्यातला एक नियम आमच्या घरामुळे लिहिला गेला. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, हिरामण दादा, पाळी चालू असताना व्हॉल्व्ह बंद करून चहाला शहाद्याला गेले. मोटर चालू, कुठलीच कुंडी उघडी नाही, मग पाण्याने जायचं कुठे? पाइप मधोमध फुटला आणि एका घरची खळ्यावर वाळत घातलेली सगळी मिरची लाल पाण्याबरोबर वाहून गेली. ती बाई खळ्यात बसून रडत होती ते मी बघितलं आहे. त्या सभेत बापूंनी नियम मांडला. पाणी चालू असेपर्यंत सभासदाने, नाहीतर त्याच्या घरच्या कुणीतरी, कुंडी सोडायची नाही. सोडली तर त्या हंगामात त्या सभासदाला सभेत मत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. हिरामण दादांचं मत त्या हंगामापुरतं गेलं आणि दादांनी ते मनात ठेवलं.

पुढे सासऱ्यांनी त्यांच्या वाट्याची तीन एकर माझ्या नावावर केली. मुलगा नोकरीवर, वावर बघते ती, तर नाव तिचंच असू दे, म्हणाले. मी सभेला गेले तर दारातच कुजबुज. बाईमाणूस सभेत कशाला, असं दोघंतिघं म्हणाले आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज बापूंचा. "बायासनं काम सभामा नही!" मी पण पेटले. म्हटलं, तुमच्या वहीत काय लिहिलंय ते वाचा. बापूंनी पिशवी सोडली, चष्मा लावला, वाचलं. परत वाचलं. सातबारा ज्याच्या नावावर तो सभासद, असं त्यांच्याच अक्षरात होतं. त्यांनी चष्मा काढला. चेहरा असा झाला होता की मला क्षणभर त्यांची दया आली. मग ते सभागृहाच्या दरवाजाला म्हणाले, "दरवाजा, तिले सांग, आतमा ये, बठ."

"बापू, तुम्हीच आत्ते नही म्हनत व्हतात ना?" कुणीतरी विचारलं.

"मन्हं मन नही म्हनस," बापू म्हणाले. "नियम हो म्हनस."

त्यानंतर मी येऊन बसल्याशिवाय त्यांनी एकही सभा सुरू होऊ दिली नाही. मला उशीर झाला तर पुरुष कुरकुरायचे आणि बापू घड्याळाकडे बघत बसायचे. माझ्याशी बोलायचे मात्र दरवाजामार्फतच.

तर अशा माणसासाठी मी दारोदार फिरले. संस्थेचे जुने अध्यक्ष थकले, त्यांनी खुर्ची सोडली आणि आमच्याकडे पहिल्यांदाच अध्यक्षपदाला दोन नावं आली. एक दंगल बापू. दुसरा योगेश, चौथ्या कुंडीचा केळीवाला, इंजिनिअरिंग शिकून शेतीत परतलेला. योगेश मला काकू म्हणायचा, डोळ्यांत बघून बोलायचा, माझं मत विचारायचा. त्याचं बोलणं मला गोड वाटायचं, हे लपवत नाही. त्याने मोबाइलवर ग्रुप काढला आणि त्यावर एकच गोष्ट रोज टाकली, ज्याची कुंडी त्याची चावी. तेवीस सभासद, तेवीस चाव्या. म्हाताऱ्याची गुलामी कशाला?

ऐकायला छानच होतं. पण वरच्या दहा कुंड्या एकदम उघडल्या तर शेपटाला काय येणार? मी त्या वर्षी दीड एकरात पपई लावली होती, पहिल्यांदाच. झाडं कमरेएवढी झाली होती. पपईला एक पाळी चुकली तर पानं गळतात आणि दोन चुकल्या तर झाड संपतं. मुलीची नाशिकची नर्सिंगची दोन वर्षं आम्ही त्या पपईवर धरली होती. योगेशला मी हे विचारलं तर म्हणाला, "काकू, नवीन मोटर आणू ना, सगळ्यांना पुरेल." कधी आणू, ते त्याने सांगितलं नाही.

बापूंची मतं मला पटत नव्हती. त्यांची स्वतःची सून घराच्या उंबऱ्याबाहेर सभेला आली असती तर त्यांनी काय केलं असतं, देव जाणे. पण योगेश उद्या काय करेल ते मला सांगता येत नव्हतं आणि बापू काय करतील ते मी झोपेतही सांगितलं असतं. ज्याच्या हातात आपलं पाणी द्यायचं तो असा असावा, एवढंच माझं म्हणणं. ते मी घरोघरी चुलीपाशी बसून बायकांना सांगितलं.

बापू स्वतः कुणाच्या दारी गेले नाहीत. योगेशने सगळ्यांना भरीत-भाकरीचं जेवण दिलं, बापूंनी चहासुद्धा पाजला नाही. कुणी विचारलं, बापू, तुम्ही काय देणार? तर म्हणाले, "जे शे ते ऱ्हाई." मला त्यांनी बाभळीमार्फत निरोप दिला, "बाभूळ, तिले सांग, मन्हा करता दारोदार फिरानं नही. बाईमानूसले शोभस नही."

"बाभूळ, बापूंना सांग," मी म्हटलं, "मी पपईकरता फिरतेय."

सभा ठरली ती नेमकी पाळी सुरू होण्याच्या दिवशी. बापूंनी हरकत घेतली होती, पण त्या दिवशी सगळे गावात असतात म्हणून बहुमताने तीच तारीख राहिली. वीज सकाळी आठला यायची, सभा अकराला. आमचं ठरलं होतं, की हे साडेदहाच्या गाडीने येतील आणि पाणी धरतील, मी सभेला जाईन. सव्वादहाला यांचा फोन आला. बदली कंडक्टर आला नव्हता, पुढची फेरी यांनाच करावी लागणार होती.

मी चावी हातात घेऊन उभी होते. पाणी पपईच्या ओळीत शिरत होतं. सासऱ्यांना आता घराबाहेर पडवत नव्हतं, मजूर बायका सगळ्या कापूस वेचायला पलीकडच्या शिवारात. हिरामण दादा आणि शेजारचे सभागृहाकडे गेलेले. मी घरोघर मोजून ठेवलं होतं, आमची बारा मतं, त्यांची अकरा. बारावं मत माझं होतं.

मला नियम माहीत होता. माहीत नव्हता असं म्हणणार नाही. मी व्हॉल्व्ह अर्धा आवळला, चावी कुंडीच्या काठावर आडवी ठेवली आणि निघाले. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, असं स्वतःला सांगत पळतच गेले.

आमच्याकडे अध्यक्षाचं मत चिठ्ठीवर होत नाही. ज्याला जो हवा त्याच्या अंगाला जाऊन बसायचं. मी पोहोचले तेव्हा सगळे बसून झाले होते, मोजणी तेवढी माझ्यासाठी थांबली होती. बापूंच्या अंगाला अकरा, योगेशच्या अंगाला अकरा. दोघं उमेदवार आपापल्या बाजूला धरून. जुने अध्यक्ष मधल्या टेबलाशी बसले होते; जमीन मुलाच्या नावावर केल्यामुळे त्यांना आता मत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. मी बापूंच्या बाजूच्या सतरंजीच्या टोकाला जाऊन बसले. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बारा!" हिरामण दादांनी मांडीवर थाप मारली. योगेशने मान खाली घातली.

बापू माझ्याकडे बघत नव्हते. ते दारापासून सतरंजीपर्यंतच्या फरशीकडे बघत होते. फरशीवर माझ्या पावलांचे ओल्या चिखलाचे ठसे होते.

 मला वाटलं, नाही विचारणार. आजच्या दिवशी तरी नाही.

"दरवाजा," बापू म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "तिले इचार, पानी कोन धरी ऱ्हायना?"

  मी "हे आलेत" म्हटलं असतं तर संपलं असतं. खोटं जिभेवर आलंही होतं. पण समोर तो माणूस फरशीकडे बघत बसला होता.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"चावी?"

"कुंडीवर ठेवली."

बापूंनी खिशातली पिशवी काढली. गाठ लवकर सुटेना. हिरामण दादा ओरडले, "बापू, ऱ्हाऊ द्या ना! कोना बापनं काय ग्यं?" जुने अध्यक्षही म्हणाले, "दंगल, कोनी तक्रार करी नही." खरंच, योगेशच्या बाजूनेही कुणी तोंड उघडलं नव्हतं. बापूंनी वही उघडून नियम वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि वही मिटून म्हणाले, "हाई मत धरू नका. अकरा."

अकरा-अकरा.  मग हिरामण दादा उठले. इतक्या वर्षांचं मनातलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं होतं. "ज्याले आपलं मत राखता येस नही," ते म्हणाले, "तो आपलं पानी काय राखी?" आणि खोलीच्या मधून चालत जाऊन ते योगेशच्या अंगाला बसले. शेपटाचा माणूस, बाविसाव्या कुंडीचा, केवळ रागाने तिकडे जाऊन बसला. बारा-दहा झाले.

बापूंनी टोपी सारखी केली, उठून योगेशला हात जोडले आणि बाहेर पडले. मी पळत वावरात आले. काहीच बुडालं नव्हतं. पाणी मुकाट्याने पपईच्या ओळीत चाललं होतं आणि चावी काठावर होती तशीच पडली होती. काही बुडालं असतं तर बरं झालं असतं, इतका मला राग आला. नियमाचा, बापूंचा, माझा स्वतःचा. मी बांधावर बसून मोठमोठ्याने रडले आणि ठरवलं, या माणसाचं तोंड बघायचं नाही.

चालू पाळी जुन्या पद्धतीने पुरी झाली. चावी हातातून हातात वर गेली आणि बापूंच्या कुंडीशी थांबली. मग शहाद्याहून नव्या चकचकीत चाव्या करून आल्या. बापूंनी आपली घेतली नाही. पहिल्या नव्या पाळीला वरच्यांनी जमेल तेव्हा कुंड्या उघडल्या. माझ्या कुंडीतून सकाळी थोडं पाणी आलं आणि मग नुसती हवा. हिरामण दादा आपल्या कुंडीत वाकून बघत होते, माझ्याकडे बघत नव्हते. योगेश येऊन गेला, काकू, मोटरचं बघतोय म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण वरच्या लोकांना व्हॉल्व्ह बंद करा म्हणायची त्याची छाती नव्हती, त्यांच्याच मतांवर तो बसला होता. पपईची खालची पानं पिवळी पडून गळायला लागली.

दुसऱ्या पाळीच्या दिवशी मी कुंडीपाशी उभी होते. आठला वीज आली, नऊ वाजले, दहा वाजले. कुंडीत हवा सूं सूं करत होती. तेवढ्यात लांब, वरच्या अंगाला, बांधावरून पांढरी टोपी येताना दिसली. एका कुंडीपाशी थांबत होती, परत चालत होती, पुढच्या कुंडीपाशी थांबत होती. काय चाललंय ते मला कळेना. ते नंतर तिथल्या माणसांनी सांगितलं. बापूंनी स्वतःची कुंडी आधी बंद केली आणि जुनी चावी घेऊन निघाले. प्रत्येक उघड्या कुंडीपाशी उभं राहून, वावराच्या मालकाकडे न बघता, ते कुंडीला म्हणत, "कुंडी, तेले सांग. पाळी शेपटानी शे." एवढंच. भांडण नाही, वही नाही. मालकाचं उत्तर येईपर्यंत उभे राहायचे. उन्हात म्हातारा माणूस समोर उभा, तो आपल्याशी बोलतही नाही, मग करणार काय? बहुतेकांनी व्हॉल्व्ह आवळले. तिघांनी आवळले नाहीत. योगेशने आवळला की नाही ते मी विचारलं नाही.

माझ्या कुंडीतली हवा थांबली. मग आत गुडगुडलं आणि पाणी आलं. एरवी पोटरीएवढी धार यायची, ही मनगटाएवढी होती. मी ती पपईकडे वळवली आणि वर बघितलं तर बापू दहा पावलांवर उभे होते. टॉवेल घामाने भिजलेला, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. एकोणीस वर्षं ते तिथेच थांबायचे. त्या दिवशी थांबले नाहीत. दहा पावलं चालून माझ्यासमोर आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी चावी पुढे केली.

"ले माय," म्हणाले. "खाले ठेवू नको."

त्यांचे डोळे घारे होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला खूप बोलायचं होतं. मतासाठी मी चुकले, असं म्हणायचं होतं, तुम्हीही फार केलंत, असंही म्हणायचं होतं.  पण मी चावी घेतली, पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवून म्हटलं, "कुंडी, बापूले सांग. पाय धोई ल्या."

बापूंनी त्या बारीक धारेकडे बघितलं, मग पपईच्या पिवळ्या पानांकडे. "नको," म्हणाले. "तेवढं पानी झाडले जाऊ दे." आणि आल्या वाटेने धुळीच्या पायांनी परत निघाले. तिघांच्या कुंड्या अजून उघड्या होत्या, म्हणून असेल, जाताना पुन्हा थांबत थांबत चालले होते. त्यानंतर मी त्यांना बघितलं नाही. पुढच्या पाळीच्या आतच ते गेले.

त्या दिवशी टोपी दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. मग वीज जाईपर्यंत चार तास कुंडीपाशी उभी राहिले. पाणी एका हाताने वळवत होते, फावडं मारताना अवघड जात होतं, खांदा भरून आला होता. चावी खाली ठेवली नाही.